टाचणातलं मूल नेहमी बरोबर उत्तर देतं

बी.एड. किंवा डी.एल.एड. केलेल्या कुणाच्याही घरी माळ्यावर पाठ टाचणांची, म्हणजे तासाला काय नि कसं शिकवायचं याच्या आराखड्यांची, एखादी वही सापडतेच. ती उघडून बघा. पानाला उभे रकाने आखलेले असतात: मुद्दा, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, फलक लेखन. शिक्षक कृतीच्या रकान्यात प्रश्न आणि शेजारच्या विद्यार्थी कृतीच्या रकान्यात त्याचं उत्तर. मी साताऱ्यात होणाऱ्या शिक्षकांना शिकवते, अशी टाचणं आजवर शेकड्यांनी तपासली आहेत. त्या शेजारच्या रकान्यात एकच मूल बसलेलं असतं. ते कधी गैरहजर नसतं, कधी गप्प बसत नाही आणि त्याचं उत्तर कधी चुकत नाही.

खऱ्या वर्गात हे मूल भेटत नाही. कराडकडच्या ऊसपट्ट्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेतला तिसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. एक मुलगी घरी आलेला पेपर घडाघडा वाचून दाखवते. तिच्या शेजारचा मुलगा अजून काना-मात्रा जुळवतोय. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली दोन मुलं मध्येच वर्गात दाखल झाली आहेत आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत जाणार आहेत. एकाच्या घरी मेंढरं आहेत, वर्षातले काही महिने तो मेंढरांच्या वाड्याबरोबर फिरतीवर असतो. एकीची आई त्याच शाळेत बाई आहे. पुस्तक सगळ्यांपुढे एकच, पान तेच.

अशा वर्गात शिकवण्याच्या पद्धतीला कुणी विभेदित अध्यापन म्हणतं, कुणी स्तरनिहाय अध्यापन. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या घरातली आहे. भाकरी सगळ्यांसाठी एकाच पिठाची थापली जाते. दात नसलेल्या आजोबांना ती दुधात कुस्करून देतात, लहानग्याला तिखट नसलेल्या कालवणाशी देतात, शेतातून आलेल्याला वर ठेचा वाढतात. जेवण सगळ्यांचं झालंच पाहिजे, याबद्दल तडजोड नाही. वर्गातही तसंच: काय शिकायचं ते सगळ्यांसाठी एक. तिथवर पोचायची वाट, लागणारी मदत आणि वेळ मात्र मुलागणिक वेगळा.

या विषयावर सर्वांत जास्त वाचलं जाणारं काम अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या कॅरोल अॅन टॉमलिन्सन यांचं आहे. शिक्षक चार ठिकाणी बदल करू शकतो, असं त्या मांडतात: मुलांपुढे काय ठेवायचं, ते मुलांनी कोणत्या कृतीतून शिकायचं, शिकलेलं कसं दाखवायचं आणि वर्गाचं वातावरण कसं ठेवायचं. हा बदल मनात आला म्हणून करायचा नसतो. मूल आत्ता कुठे उभं आहे, त्याला कशात गोडी आहे आणि त्याला कसं शिकणं सोयीचं जातं, हे पाहून करायचा. यांतली पहिली गोष्ट, मूल आत्ता कुठे उभं आहे, ही मला सर्वांत मोलाची वाटते. माझ्या विद्यार्थ्यांशी मी पहिले कित्येक आठवडे फक्त तेवढ्यावरच बोलते.

हे काही हौसेचं काम नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश दिला. म्हणजे कधीच शाळेत न गेलेली नऊ वर्षांची मुलगीही आता तिच्या वयाच्या मुलांबरोबर बसते, आणि ते योग्यच आहे. त्याच कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं सांगताना प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याप्रमाणे लागेल ते जादा अध्यापन करावं, असंही म्हटलं आहे. प्रत्येक मुलाची, हे शब्द कायद्यातले आहेत. आपल्या टाचणात मात्र अजून एकच मूल बसलेलं आहे.

आता एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण मला सांगायचं ते सगळं त्यात आहे.

अशाच एका तिसरीच्या वर्गावर एक छात्राध्यापिका, म्हणजे शिकाऊ शिक्षिका, हातच्याची वजाबाकी घेत होती. फळ्यावर गणित दिलं: ५२ वजा २७. वह्या गोळा केल्या. निम्म्याहून जास्त मुलांचं उत्तर २५, बरोबर. उरलेल्यांपैकी बहुतेकांचं उत्तर ३५. तिनं ३५ वाल्या सगळ्यांना एकत्र बसवलं आणि हातच्याची पद्धत पुन्हा पहिल्यापासून समजावली. काही मुलांचं सुधारलं, काही आणखी गोंधळली. तास संपल्यावर ती माझ्याकडे आली, खूप वाईट वाटत होतं तिला. आम्ही दोघी ३५ वाल्या वह्या घेऊन बसलो.

एका वहीत नुसतं ३५ लिहिलेलं, वर काही खाडाखोड नाही. या मुलानं एककाच्या घरात सातातून दोन वजा केले, पाच. दशकाच्या घरात पाचातून दोन गेले, तीन. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा एवढंच त्याला माहीत, वर कोणता नि खाली कोणता याचं त्याला देणंघेणं नाही. दुसऱ्या वहीत दोनाच्या डोक्यावर बारीक अक्षरात १२ लिहिलेले. या मुलीनं हातचा घेतला होता. बारातून सात गेले पाच, हे बरोबर. पण दशकाच्या घरातून एक दशक निघून गेला, आता तिथे पाचाऐवजी चार उरलेत, हे ती विसरली. पाचातून दोन गेले तीन. तिचंही उत्तर ३५.

उत्तर एक आणि चुका दोन. पहिल्याला दशक मोकळा करणं म्हणजे काय, हेच कळलेलं नाही. दुसरीला ते कळलंय, फक्त मागचा हिशोब ठेवायचा राहतोय. दोघांना एकच गोष्ट पुन्हा सांगितली, तर पहिल्याच्या डोक्यावरून जाते आणि दुसरी कंटाळते किंवा आपलं बरोबर होतं तेही सोडून देते.

मग आम्ही शोधलं की हे दोघं नेमके एकाच उत्तरावर कसे आले. कारण गणितातच होतं. दोन आणि सात यांच्यातला फरक पाचाचा. उलटं वजा केलं तरी पाच, हातचा घेऊन वजा केलं तरी पाच. तिनं ५२ ऐवजी ५३ दिले असते तर? बरोबर उत्तर २६. उलटं वजा करणाऱ्याचं येतं ३४. दशक कमी करायला विसरणारीचं येतं ३६. वही उघडली की कुणाचं काय अडलंय ते लगेच दिसतं. एका अंकाच्या फरकानं तेच गणित तपासणीचं साधन होतं. हे लक्षात आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मला आजही आठवतो.

दुसऱ्या दिवशी तिनं मुलांना वेगवेगळं काम दिलं. उलटं वजा करणाऱ्यांपुढे काड्या ठेवल्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि सुट्या दोन. यातून मला सत्तावीस द्या, म्हणाली. मुलांनी दोन गठ्ठे दिले, सुट्या दोन दिल्या आणि थांबली. अजून पाच कुठून आणायच्या? तेव्हा ऊसतोडीच्या टोळीतल्या मुलांपैकी एक जण बोलला, "पेंढी सोडायची." त्याच्या घरचे वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधून विकतात, पेंढी सोडणं त्याला रोजचं. वाचनात तो वर्गात सर्वांत मागे होता. त्या तासाला गट त्यानं पुढे नेला.

विसरणाऱ्यांना काड्यांची गरज नव्हती. त्यांना दशकाच्या अंकावर काट मारून वर नवा अंक लिहायची सवय लागायला हवी होती, आणि केलेलं उत्तर बेरीज करून पडताळायची. ३५ आणि २७ मिळवले की ६२ होतात, ५२ होत नाहीत. चूक आपली आपल्यालाच सापडते. आणि ज्यांना येत होतं त्यांना आणखी वीस गणितं न देता तिनं उलटा प्रश्न टाकला: उत्तर २५ आलं पाहिजे आणि हातचा घ्यावा लागला पाहिजे, अशा वजाबाक्या तुम्ही तयार करा. मुलांनी ४१ वजा १६ काढली, ६० वजा ३५ काढली. एकीनं नियमच शोधला, की खालच्या संख्येच्या एककात पाच किंवा पाचापेक्षा मोठा अंक असेल तरच हे जमतं. तिसरीतल्या मुलीनं.

शिकायची गोष्ट तिन्ही गटांना एकच होती: दहाचा गठ्ठा सोडता येतो आणि सोडला की गठ्ठे एकानं कमी होतात.

इथे संख्यानामांबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. मराठीत आपण सत्तावीस म्हणताना सात आधी म्हणतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. ऐकून ७२ लिहिणारं मूल वजाबाकीत कच्चं नसतं, ते कानाला जे ऐकू आलं त्या क्रमानं लिहितं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस सात अशा वाचनाची जोड दिली, तेव्हा त्यावर राज्यभर वाद झाला. वाद असो, पण मुलाची चूक भाषेची आहे की गणिताची, हे शिक्षकाला ओळखता यायला हवं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. हे कौशल्य होणाऱ्या शिक्षकात यायचं कसं?

अडचण पहिल्या दिवसापासून असते. आमच्याकडे येणारी मुलंमुली आयुष्याची पंधरा-सोळा वर्षं कुणाच्या ना कुणाच्या वर्गात बसून आलेली असतात. शिकवणं म्हणजे काय, हे त्यांनी तिथे बघून ठरवलेलं असतं. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७५ साली हे नेमकं टिपलं: शिक्षक होणारा माणूस प्रशिक्षणाला येण्याआधीच हजारो तास निरीक्षणाची उमेदवारी करून आलेला असतो. बाकावरून त्याला शिक्षक बोलताना दिसतो. तो कुणासाठी काय बदलतोय, मनात काय ठरवतोय, हे बाकावरून दिसत नाही. त्यामुळे एक व्याख्यान विभेदित अध्यापनावर देऊन भागत नाही. ते व्याख्यान साठ जणांना एकाच पद्धतीनं दिलं, तर त्यांच्या लक्षात व्याख्यान राहतं आणि विषय निघून जातो.

म्हणून सुरुवात आमच्याच वर्गापासून करावी लागते. माझ्यासमोर बसलेल्यांत कुणी गणितात पदवी घेतलेली असते, तर कुणी दहावीनंतर गणिताला हात लावलेला नसतो. पहिल्या आठवड्यात मी त्यांना अपूर्णांकावरचे चार छोटे प्रश्न देते, गुण देत नाही. उत्तरांवरून तीन गट पडतात आणि पुढचे दोन तास तिघांचं काम वेगळं असतं. ज्यांना येत नव्हतं त्यांना आपल्याला कुणी कमी लेखलं असं वाटलं का, हे मी नंतर आवर्जून विचारते. आपण स्वतः त्या जागी बसल्यावर जे कळतं ते टिपणं काढून कळत नाही.

त्यानंतर वह्या. पहिला सराव पाठ घेण्याआधी प्रत्येकानं सराव शाळेतल्या दहा मुलांच्या वह्या वाचायच्या. तपासायच्या नाहीत, लाल पेन हातात घ्यायचंच नाही. प्रत्येक चुकीसमोर एवढंच लिहायचं, की या मुलानं काय विचार केला असेल. अंदाज बांधायचा आणि मग त्या मुलाला जाऊन विचारायचं, "हे कसं केलंस, मला सांगशील?" आवाजात दरडावणी नको, खरंच जाणून घ्यायचंय असं वाटलं पाहिजे. सुरुवातीला अर्धे अंदाज चुकतात. महिनाभरात चुका वाचता यायला लागतात.

सूक्ष्म अध्यापनातही, म्हणजे मोजक्या मिनिटांच्या छोट्या पाठांच्या सरावातही, थोडा बदल पुरतो. १९६३ च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडे तिचं छत्तीस मिनिटांचं चक्र रूढ आहे: सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (पाठ कसा झाला ते सांगणं), बारा मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं प्रत्याभरण. यात समोर वर्गमित्रच विद्यार्थी म्हणून बसतात. आपल्या मैत्रिणीचा पाठ चांगला व्हावा म्हणून सगळे झटपट बरोबर उत्तरं देतात. टाचणातलं ते मूल इथे दहा रूपांत हजर! मी आता प्रत्येकाला एक चिठ्ठी देते. कुणाच्या चिठ्ठीत: तू उलटं वजा करतेस. कुणाच्या: तुला येतं, पण तू बोलत नाहीस. कुणाच्या: तुझं दोन मिनिटांत झालं, आता तू शेजाऱ्याला त्रास देणार. पाठ घेणारीला चिठ्ठ्यांतलं काही माहीत नसतं. शेवटी तिनं सांगायचं, कोण कुठे अडलं होतं.

मग प्रत्यक्ष वर्ग. इथे हावरेपणा करायचा नाही. नव्या छात्राध्यापकाला वाटतं, तीन गट म्हणजे तीन टाचणं. तो रात्री दोनपर्यंत जागतो, दुसऱ्या दिवशी पस्तीस मिनिटांच्या तासात सगळं कोलमडतं आणि हे आपल्याला जमणार नाही असं त्याच्या मनात कायमचं बसतं. त्यापेक्षा आठवड्यातून एका पाठात, तेही शेवटची दहा मिनिटं, वेगळं काम द्यावं. त्याआधी जाता जाता पाव कागदावर दोन प्रश्न सोडवून घ्यावेत आणि त्या चिठ्ठ्यांचे ढीग लावावेत: समजलं, अर्धं समजलं, पाया कच्चा. तीस चिठ्ठ्यांना पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. दुसऱ्या दिवसाचे गट त्या ढिगांवरून पडतात.

आणि गट मोडले पाहिजेत. ही गोष्ट मी सर्वांत जास्त वेळा सांगते, कारण या कामातला खरा धोका इथे आहे. गट वर्षभर तेच राहिले की त्यांना नावं पडतात. आधी फुलांची नावं असतात. आठवड्याभरात मुलांना कळतं की मोगरा म्हणजे हुशार आणि झेंडू म्हणजे ढ. शेवटच्या ओळीत बसवलेल्या मुलाला कायम सोपं काम मिळत राहिलं, तर वर्षअखेरीला तो जिथे होता तिथेच असतो. पेंढी सोडणारा मुलगा वाचनाच्या गटात मागे आणि काड्यांच्या गटात पुढे होता. गट विषयाचा, त्या आठवड्यापुरता. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या स्तरनिहाय पद्धतीतही मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा स्तरांवरून गटात घेतात, पण मूल पुढे सरकलं का हे पुन्हा पुन्हा पाहून गट बदलतात. ते पाहणं गाळलं, तर उरते फक्त वर्गवारी.

मूल बघून शिकणारं, ऐकून शिकणारं की करून शिकणारं, हे ठरवून तसंच शिकवायचं, ही कल्पना आपल्या प्रशिक्षणांत अजून फिरते. २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा तशा जुळणीनं शिकणं सुधारतं याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. काड्या, चित्रं, बोलणं, लिहिणं सगळ्यांनाच द्यावं. मुलाच्या कपाळावर शिक्का मारू नये.

छात्रसेवाकालात, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याच्या सरावाच्या काळात, छात्राध्यापकांना कुठे पाठवायचं, यावर माझं ठाम मत आहे. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यात शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाला किमान वीस आठवडे ठेवले आहेत. सोयीसाठी बहुतेकांना शहरातल्या मोठ्या शाळा मिळतात. त्यांतले चार आठवडे तरी जावळी किंवा पाटणच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेत जावेत. तिथे एका खोलीत दोन-तीन, कधी चारही इयत्ता बसतात. पहिलीला धुळाक्षरं, तिसरीला कोडं, चौथीला एकमेकांचं शुद्धलेखन तपासायला देऊन दुसरीपाशी बसणाऱ्या बाई विभेदित अध्यापन हा शब्द कधी वापरत नाहीत. त्या रोज तेच करतात. १९३५ साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढलं ते ग्रामीण शाळांना शिक्षक मिळावेत म्हणून. या जिल्ह्यात शिक्षक घडवायचं काम खेड्यातल्या शाळेपासून दूर जाता कामा नये, असं मला मनापासून वाटतं. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शाळांचा एक गट) जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे मुलांनी स्वतः करून, शोधून शिकायच्या पद्धतीनं, काम करून दाखवलं आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला आले. फरशीवर आखलेल्या चौकटी सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. छात्राध्यापकांना मी सांगते, फरशी नंतर बघा. एक मूल निवडा आणि पूर्ण तास फक्त त्याच्याकडे बघा. ते कधी थांबतं, कुणाकडे बघतं, कोणत्या क्षणी पेन्सिल खाली ठेवतं.

अडथळे आहेत. एका शाळेत माझ्या विद्यार्थिनीच्या परीक्षा पाठाला मुलं गटांत बोलत काम करत होती. परीक्षकांनी वर्गनियंत्रणाचे गुण कापले. ती रडली आणि मलाही राग आला. निरीक्षणाच्या तक्त्यात आवाज, फलक लेखन, साहित्य, वेळ या सगळ्याला गुण आहेत. मूल अडल्यावर शिक्षकानं काय केलं, याला एक ओळही नसेल तर विद्यार्थी ते कशाला शिकतील? शिवाय नोकरीत गेल्यावर माहिती भरणं, सर्वेक्षणं, दोन वर्ग एका अंगावर, हे सगळं आहे. रोज प्रत्येक तासाला हे करा, असं मी कुणालाही सांगणार नाही. आणि जिथे मुलाची अडचण शिकवण्यातल्या बदलापलीकडची आहे, तिथे विशेष शिक्षकाची मदत घ्यायलाच हवी. दहा मिनिटांच्या गटकामावर ते मूल सोडून द्यायचं नाही.

या वर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांच्या टाचणात विद्यार्थी कृतीचा रकाना दुप्पट रुंद करून घेतला आणि त्यात चार आडव्या ओळी आखायला लावल्या. त्या वजाबाकीवाल्या छात्राध्यापिकेचं पुढच्या पाठाचं टाचण आत्ता माझ्यासमोर आहे. गणित ५३ वजा २७. पहिल्या ओळीत ३४, समोर लिहिलंय: काड्या, पाच गठ्ठे, तीन सुट्या. दुसरीत ३६, समोर: काट मारून वर अंक, मग बेरजेनं पडताळा. तिसरीत २६, समोर: उत्तर २६ येईल अशा वजाबाक्या तयार करणे. चौथी ओळ तिनं कोरी ठेवली आहे आणि कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, तास झाल्यावर भरणे.